मेलेले सरोवर आणि वगळलेली ओळ

१

डॉ. स्यूस ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या थिओडोर गायझेल ह्यांचे ‘द लोरॅक्स’ हे बालपुस्तक १९७१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. झाडे तोडून कारखाना उभारणारा एक लोभी उद्योजक आणि झाडांची बाजू मांडणारा एक मिशाळ प्राणी ह्यांची ही पद्यकथा इंग्रजी बालसाहित्यात आता अभिजात मानली जाते. कारखान्याच्या राडीने तळे भरून जाते आणि त्यातले मासे दुसऱ्या पाण्याच्या शोधात निघतात, असा एक प्रसंग तीत आहे. पहिल्या आवृत्तीत ह्या प्रसंगी एक ओळ होती. कल्पित देशातल्या ह्या कथेत तिथे अचानक एका खऱ्या सरोवराचे, ईरीचे, नाव येत होते आणि तेथील अवस्थाही इतकीच वाईट असल्याचे सूचित होत होते. आज बाजारात मिळणाऱ्या प्रतीत ही ओळ नाही.

ती छापखान्यातल्या चुकीने गळलेली नाही. पुस्तक निघाल्यावर सुमारे १४ वर्षांनी ओहायोतील ‘सी ग्रँट’ ह्या संशोधन कार्यक्रमातील दोघा जणांनी लेखकाला पत्र लिहून कळवले की सरोवर आता पुष्कळ सुधारले आहे. गायझेल ह्यांना ते पटले आणि पुढील आवृत्त्यांतून त्यांनी ती ओळ काढून टाकली. १९७२ साली ह्याच कथेवर निघालेल्या दूरचित्रवाणीपटात मात्र ती राहून गेली आहे.

पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाला पाठभेदाचे कारण बहुधा हस्तलिखितात, लेखनिकाच्या डुलकीत किंवा लेखकाच्या बदललेल्या अभिरुचीत सापडते. येथे ते एका सरोवराच्या पाण्यात आहे. ओळ लिहिली तेव्हा खरी होती. काढली तेव्हा ती काढणेही प्रामाणिकपणाचेच होते. तरीही तीन दशके उलटण्याच्या आत, ऑगस्ट २०१४ मध्ये, त्याच सरोवराच्या काठच्या टोलीडो शहरात नळाचे पाणी पिऊ नये असा आदेश निघाला. पाण्यात शेवाळाचे विष उतरले होते.

मग चुकले कुठे? विज्ञानाचे, कायद्याचे आणि शेतीचे उत्तर पुढे येईलच. परंतु ह्या चुकीचा एक भाग भाषेचाही होता, असे मला वाटते. ईरीच्या संदर्भात जे रूपक रूढ झाले ते मृत्यूचे होते, आणि जी घटना घडत होती ती पोषणाची होती. ह्या दोहोंतील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

पाण्याचा रंग बदलला की माणसाने प्रथम त्यात अर्थ शोधला, कारण नव्हे. स्वित्झर्लंडमधील मुर्टेन सरोवराच्या काठी १४७६ साली स्विस सैन्याने बर्गंडीच्या ड्यूकचा पराभव केला आणि त्याचे असंख्य सैनिक पाण्यात रेटले गेले. पुढे कित्येक वर्षांनी त्या सरोवरावर अधूनमधून तांबडी साय धरू लागली, तेव्हा लोक तिला ‘बर्गंडीयांचे रक्त’ म्हणू लागले. १८२५ च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल ह्यांनी ह्या ‘रक्ता’ची तपासणी केली, ते एक तंतुमय शैवाल निघाले. त्यालाच पुढे नील-हरित शैवालांच्या गटात स्थान मिळाले. ह्या गटातले जीव वस्तुतः वनस्पती नसून प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू आहेत, हे बरेच नंतर कळले. रक्त नाही हे ठरले. पण ही साय का धरते, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर शेतीतून आले. कार्ल श्प्रेंगेल ह्यांनी १८२८ च्या सुमारास मांडलेले आणि युस्टुस फॉन लीबिग ह्यांनी १८४० नंतर सर्वतोमुखी केलेले सूत्र असे: पिकाची वाढ सर्व पोषकद्रव्यांच्या बेरजेवर ठरत नाही, जे द्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी असेल त्यावर ठरते. पंगतीला वरण-भात उदंड आहे, पण पत्रावळी शंभरच आहेत. मग पाने शंभरच मांडली जातील. भाताची आणखी चार पातेली चढवून पंगत वाढत नाही.

शेवाळाला हेच सूत्र लावायचे तर त्याची ‘पत्रावळ’ कोणती, हे कळायला हवे. अमेरिकन संशोधक आल्फ्रेड रेडफील्ड ह्यांनी १९३४ पासून केलेल्या अभ्यासात असे आढळले की समुद्रातील सूक्ष्म तरंगत्या जीवांच्या शरीरात कार्बन, नत्र आणि फॉस्फरस ह्यांचे अणू साधारण १०६ : १६ : १ ह्या प्रमाणात असतात. वजनात हे प्रमाण सुमारे ४० : ७ : १ होते. गोड्या पाण्यातील शेवाळांत हे प्रमाण कमीअधिक होते, परंतु मुद्दा तोच राहतो: फॉस्फरसची गरज अत्यल्प, पण त्याच्यावाचून अडते. आपल्या शेतीच्या भाषेत ह्याला ‘स्फुरद’ म्हणतात. हाम्बुर्गच्या हेनिग ब्रांट ह्याला १६६९ साली मूत्र आटवताना सापडलेला हा अंधारात लकाकणारा पदार्थ. कार्बन हवेतून पाण्यात विरघळू शकतो. नत्र हवेत अमाप आहे आणि काही नील-हरित शैवाले तो थेट हवेतून घेऊ शकतात. फॉस्फरसला मात्र हवेची वाट नाही. तो खडकातून झिजून येतो, किंवा माणूस आणून टाकतो.

पाण्याच्या ह्या पोषणस्थितीला स्वीडनच्या आयनर नाउमान ह्यांनी १९१९ साली नावे दिली. ही नावे त्यांची स्वतःची नव्हती. दलदलींच्या अभ्यासात सी. ए. वेबर ह्यांनी ती आधी वापरली होती. नाउमान ह्यांनी ती सरोवरांना लावली. थोडे पोषण असलेले, नितळ पाण्याचे सरोवर ते ‘ऑलिगोट्रॉफिक’, आणि भरपूर पोषण असलेले, हिरवट पाण्याचे ते ‘यूट्रॉफिक’. ग्रीक भाषेत ‘यू’ म्हणजे चांगले आणि ‘ट्रोफे’ म्हणजे पोषण. मराठीत ह्या प्रक्रियेला कोणी ‘सुपोषण’ म्हणतात, कोणी ‘अतिपोषण’. पहिला शब्द व्युत्पत्तीशी इमान राखतो, दुसरा वस्तुस्थितीशी. नाउमान ह्यांना त्यात रोग अभिप्रेत नव्हता. तो केवळ एक प्रकार होता. पन्नास वर्षांच्या आत हाच शब्द निदानासारखा उच्चारला जाऊ लागला. ‘चांगले पोषण’ हेच ज्याचे नाव, त्या आजाराविषयी लोकांना सावध कसे करायचे, ही अडचण त्या शब्दातच होती.

३

अमेरिका आणि कॅनडा ह्यांच्या सीमेवरील पाच महासरोवरांत ईरी सर्वांत उथळ. त्याची सरासरी खोली १९ मीटर. टोलीडोकडील पश्चिम खोरे तर सरासरी ७-८ मीटरच खोल आहे. उथळ पाणी लवकर तापते, प्रकाश खोलवर पोचतो. भोवती डेट्रॉइट, टोलीडो, क्लीव्हलंड, बफेलो ही औद्योगिक शहरे वाढली आणि त्यांचे सांडपाणी सरोवरात येऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात एका घरगुती वस्तूची भर पडली. १९४६ साली ‘टाइड’ ही धुण्याची पावडर बाजारात आली आणि तिच्यामागून इतर आल्या. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला फेस येऊ देत नाहीत. ह्या पावडरींतील फॉस्फेट त्यांना बांधून ठेवत असे. त्यामुळे कपडे स्वच्छ निघत, आणि फॉस्फेट मोरीतून नदीत, नदीतून सरोवरात जाई. सांडपाणी-शुद्धीकरणाची त्या काळची केंद्रे घाण कुजवण्यासाठी बांधलेली होती. फॉस्फरस त्यांतून बराचसा सहीसलामत पार होत असे. गृहिणीच्या दृष्टीने अत्यंत स्वच्छ असलेली कृती सरोवराच्या दृष्टीने खत घालण्याची होती.

पुढचा क्रम असा. फॉस्फरस वाढला तसे शेवाळ वाढले. शेवाळ मेले की तळाशी बसते; ते कुजवताना जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. उन्हाळ्यात वरचे ऊन पाणी आणि खालचे थंड पाणी एकमेकांत मिसळत नाही, त्यामुळे तळाला नवा प्राणवायू मिळत नाही. १९५३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस पश्चिम खोऱ्यात वारा पडून पाणी स्थिर राहिले आणि तळाच्या चिखलात राहणाऱ्या मेफ्लाय ह्या कीटकाची पिल्ले मोठ्या प्रमाणावर गुदमरून मेली. ज्या कीटकांचे थवे दर उन्हाळ्यात काठच्या शहरांच्या रस्त्यांवर खच पडेपर्यंत येत, ते पुढे जवळजवळ दिसेनासे झाले.

तळाशी प्राणवायू संपला की आणखी एक गोष्ट घडते. इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशात काम करणाऱ्या क्लिफर्ड मॉर्टिमर ह्यांनी १९४१-४२ मध्ये ती दाखवून दिली होती. चिखलातील लोह प्राणवायूच्या सान्निध्यात फॉस्फरसला धरून ठेवते. प्राणवायू गेला की ही पकड सुटते आणि वर्षानुवर्षे गाळात साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. बाहेरून येणारे खत थांबवले तरी सरोवर काही काळ आपल्याच साठ्यावर हिरवे राहू शकते. सरोवराला स्मृती असते असे म्हणायचे तर ती ही.

१९६० च्या दशकात वर्तमानपत्रांतून ‘ईरी सरोवर मेले’ असे मथळे येऊ लागले. जून १९६९ मध्ये क्लीव्हलंडमधील कायाहोगा नदीवरच्या तेलकट थराने पेट घेतला. ईरीला मिळणाऱ्या ह्या नदीची आग ‘टाइम’ साप्ताहिकाने ऑगस्टमध्ये देशभर पोचवली. सोबत छापलेले छायाचित्र १९५२ सालच्या आगीचे होते, कारण १९६९ ची आग छायाचित्रकार पोचण्याआधीच विझली होती. विष, तेल, आग आणि मृत्यू ह्या प्रतिमा एकत्र आल्या आणि लोकांच्या मनात ईरीचे चित्र पक्के झाले.

पण हे सरोवर मेले नव्हते. त्यात जीव कमी झाले नव्हते, अतोनात वाढले होते. धंद्याला पकडल्या जाणाऱ्या माशांचे एकूण वजनही फारसे घटले नव्हते. मौल्यवान जाती जाऊन कमी किमतीच्या जाती आल्या होत्या. तेव्हाच्या जाणकारांनी हे वारंवार सांगितले, पण ‘मृत’ ह्या शब्दापुढे त्यांचे काही चालले नाही. निर्जीवाला सजीवाचे गुण देणाऱ्या अलंकाराला आपण चेतनगुणोक्ती म्हणतो. ‘सरोवर मेले’ ही चेतनगुणोक्तीच आहे, आणि परिणामकारकही आहे. तिने लोकांना हलवले. मात्र तिच्या पोटात दोन गृहीतके दडलेली होती. मृत्यू येतो तो कोणा मारेकऱ्यामुळे, हे पहिले. आणि मेलेले जिवंत झाले की गोष्ट संपते, हे दुसरे. दोन्ही गृहीतकांची किंमत पुढे मोजावी लागली.

४

मारेकरी कोण, ह्यावर १९६९ च्या सुमारास मोठा वाद पेटला. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेसाठी रिचर्ड फोलेनवायडर ह्यांनी १९६८ साली एक अहवाल लिहिला होता. अनेक सरोवरांची मोजमापे एकत्र करून त्यांनी दाखवले की सरोवराची अवस्था त्यात येणाऱ्या फॉस्फरस आणि नत्राच्या भारावर अवलंबून असते. अमेरिका-कॅनडा संयुक्त आयोगानेही फॉस्फरस कमी करण्याची शिफारस केली. पावडर बनवणाऱ्या उद्योगाला हे अडचणीचे होते. त्याच सुमारास काही संशोधकांनी असे मांडले की शेवाळाची वाढ फॉस्फरसवर नव्हे, कार्बनवर ठरते. त्यांच्याजवळ प्रयोग होते: बाटलीत सरोवराचे पाणी घेऊन त्यात कार्बन घातला की शेवाळ वाढत असे.

हे प्रयोग खोटे नव्हते. बंद बाटलीला हवेतून कार्बन मिळत नाही, म्हणून तो लवकर संपतो आणि तोच अडसर ठरतो. निष्कर्ष बाटलीपुरता खरा होता, सरोवरापुरता नव्हता. संदर्भापासून तोडलेल्या अवतरणाचे जे होते तेच येथे झाले होते: शब्द मूळचेच, अर्थ मात्र पालटलेला.

ह्या वादाला निर्णायक उत्तर बाटलीत मिळणार नाही, त्यासाठी सरोवरच हवे, हे ओळखून कॅनडाने १९६८ साली वायव्य ऑन्टॅरिओच्या निर्जन अरण्यातील ५८ लहान सरोवरे संशोधनासाठी राखून ठेवली. ह्या ‘प्रायोगिक सरोवर क्षेत्रा’च्या कल्पनेमागे जॅक व्हॅलेन्टाइन हे एक प्रमुख नाव होते. १९७४ साली त्यांनी सामान्य वाचकांसाठी ‘द अल्गल बोल’ हे पुस्तक लिहिले. १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांमुळे अमेरिकेचा मध्यभाग ‘डस्ट बोल’ म्हणून इतिहासात गेला. त्या नावावरच्या ह्या श्लेषातून, मातीनंतर आता पाण्याची पाळी, हा इशारा मिळत होता. प्रत्यक्ष प्रयोगांचे नेतृत्व डेव्हिड शिंडलर ह्या तरुण शास्त्रज्ञाकडे होते.

१९६९ पासून २२७ क्रमांकाच्या सरोवरात नत्र आणि फॉस्फरस घालण्यात आले. कार्बन मुळीच घातला नाही. ह्या सरोवराच्या पाण्यात विरघळलेला कार्बन अत्यंत कमी होता. कार्बनवाद्यांचे म्हणणे खरे असते तर शेवाळ वाढायला नको होते. सरोवर गर्द हिरवे झाले. कमी पडलेला कार्बन हवेतून पाण्यात उतरला. मग १९७३ साली २२६ क्रमांकाच्या सरोवरावर दुसरा प्रयोग झाला. हे सरोवर डमरूच्या आकाराचे. त्याच्या चिंचोळ्या भागात पाण्यातून आडवा पडदा लावून दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातले. एका भागात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. त्याच हंगामात विमानातून छायाचित्र घेतले गेले. फॉस्फरसचा भाग दाट हिरवा, दुसरा काळसर नितळ. मध्ये पडद्याची रेघ.

शिंडलर ह्यांचा निबंध १९७४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला आणि हे छायाचित्र सरोवरशास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकी एक ठरले. आकडे, कोष्टके, आलेख ह्यांनी जे पटवता आले नव्हते ते एका दृष्टिक्षेपात पटू लागले. आपल्या न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर अनुमानाच्या जागी प्रत्यक्ष आले.

येथे एक दुरुस्ती करायला हवी. ह्या छायाचित्राने कायदे घडवले, अशी कथा पुष्कळदा सांगितली जाते. तिच्यात कालक्रमाची गडबड आहे. कॅनडाने पावडरींतील फॉस्फेटवर मर्यादा घातली ती १९७० साली आणि दोन्ही देशांनी महासरोवरांच्या पाण्याविषयीचा करार केला तो एप्रिल १९७२ मध्ये. चित्र त्यानंतरचे आहे. त्याने निर्णय घडवला नाही. घेतलेल्या निर्णयावरचा संशय घालवला. आणि संशय बराच होता. सप्टेंबर १९७१ मध्ये खुद्द अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, पर्यायी पावडरींतील दाहक द्रव्ये मुलांना घातक ठरतील ह्या भीतीने, गृहिणींना पुन्हा फॉस्फेटच्या पावडरी वापरण्याचा सल्ला दिला होता.

ह्या सगळ्या वादाआधी सिअ‍ॅटलमध्ये एक शांत उदाहरण घडून गेले होते. तेथील वॉशिंग्टन सरोवरात १९५५ साली डब्ल्यू. टी. एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुर्टेनचेच ते तांबडे शैवाल सापडले. युरोपातील सरोवरांत हे शैवाल बिघाडाची पूर्वसूचना म्हणून ओळखले जात होते. ज्या सायीला एके काळी रक्त समजले गेले ती आता वाचता येणारी खूण झाली होती. एडमंडसन ह्यांनी पुढे काय होईल ते आधीच सांगितले. १९५८ साली पहिल्या मतदानात नाकारलेली योजना नागरिकांनी त्याच वर्षी दुसऱ्या मतदानात मंजूर केली. १९६३ ते १९६८ ह्या काळात सरोवरात जाणारे सांडपाणी वळवले गेले आणि १९७० च्या दशकात पाणी पुन्हा नितळ झाले. मेल्याचा गाजावाजा न होता एक सरोवर सावरले, ह्याची आठवण ईरीच्या गोंगाटात कमीच निघते.

५

ईरीचीही प्रकृती सुधारली. शुद्धीकरण केंद्रांवर दोन्ही देशांनी अब्जावधी डॉलर खर्च केले. १९७८ च्या सुधारित करारात ईरीत वर्षाला ११,००० टनांहून अधिक फॉस्फरस येऊ नये असे ठरले, आणि १९८० च्या दशकात हे उद्दिष्ट गाठलेही गेले. शेवाळ घटले. पुढे १९९० च्या दशकात मेफ्लायचे थवेही परतले. ‘लोरॅक्स’मधील ओळ काढली गेली ती ह्या काळात. सरोवर ‘पुन्हा जिवंत’ झाले होते. मृत्यूच्या रूपकात ह्यापुढे सांगण्यासारखे काही उरत नव्हते.

पोषणाच्या भाषेत मात्र गोष्ट संपत नव्हती. पोषण हा जमाखर्च आहे. तो दर वर्षी नव्याने मांडावा लागतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून खात्यात एक वेगळी नोंद वाढू लागली. टोलीडोजवळ सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीचे खोरे म्हणजे एके काळची ‘ग्रेट ब्लॅक स्वॉम्प’ ही विस्तीर्ण दलदल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या पुरून ती कोरडी केली गेली आणि तेथे उत्तम शेतजमीन तयार झाली. पाणी गाळणारी, थांबवणारी दलदल गेली; पाणी झपाट्याने सरोवरात पोचवणाऱ्या नळ्या आल्या.

१९८० नंतर येथील शेतकऱ्यांना जमीन न नांगरता पेरणी करण्यास उत्तेजन देण्यात आले. हेतू चांगला होता: माती वाहून जाऊ नये, तिच्या कणांना चिकटलेला फॉस्फरसही सरोवरात जाऊ नये. तो हेतू बऱ्याच अंशी साधलाही. पण न नांगरलेल्या जमिनीवर पसरलेले खत वरच्या थरातच राहते आणि वसंतातील मोठ्या पावसात पाण्यात विरघळून नळ्यांवाटे निघून जाते. मातीला चिकटलेल्या फॉस्फरसपैकी थोडाच भाग शेवाळाला उपयोगी पडतो. विरघळलेला जवळजवळ सगळा पडतो. एकूण फॉस्फरस उद्दिष्टाच्या आसपास असतानाही शेवाळाच्या तोंडी पडणारा हिस्सा वाढत गेला. त्यातच १९८० च्या दशकाच्या अखेरीस जहाजांतून आलेल्या झेब्रा शिंपल्यांनी सरोवराचे अन्नचक्र पालटले. शिंपले पाणी गाळून खातात, पण मायक्रोसिस्टिस हे विषारी नील-हरित शैवाल नापसंत करून बाहेर टाकतात, असे आढळले आहे.

२०११ साली त्या वेळेपर्यंतचा सर्वांत मोठा बहर आला. ऑगस्ट २०१४ च्या आरंभी टोलीडोच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि चार लाखांहून अधिक लोकांना सुमारे तीन दिवस नळाचे पाणी वर्ज्य झाले. पाणी उकळून हे विष जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. शुद्धतेविषयीच्या आपल्या सगळ्या घरगुती समजुती येथे निरुपयोगी ठरतात. २०१५ चा बहर २०११ हूनही तीव्र होता. २०१६ साली दोन्ही देशांनी फॉस्फरस २००८ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट स्वीकारले.

विज्ञानातला वादही ‘मारेकरी’ ह्या कल्पनेच्या पलीकडे गेला आहे. २२७ क्रमांकाच्या सरोवरात १९९० पासून नत्र घालणे थांबवले, फॉस्फरस चालू ठेवला. तरी ते हिरवेच राहिले, कारण हवेतून नत्र घेणारी शैवाले पुढे आली. ३७ वर्षांच्या ह्या नोंदींच्या आधारे शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली पुन्हा फॉस्फरसवरच भर दिला. इतर संशोधकांचे म्हणणे असे की मायक्रोसिस्टिसला हवेतून नत्र घेता येत नाही आणि त्याच्या विषाच्या रेणूत नत्र पुष्कळ असतो. तेव्हा फॉस्फरससोबत नत्रालाही आवर घालायला हवा. हा मतभेद खरा आहे, आणि तो कार्बनच्या जुन्या वादासारखा नाही. येथे कोणी फॉस्फरसला निर्दोष ठरवू पाहत नाही.

दरम्यान २०१२ साली कॅनडाच्या केंद्र शासनाने प्रायोगिक सरोवर क्षेत्राचा निधी थांबवण्याचे जाहीर केले. पुष्कळ निषेधानंतर २०१४ च्या एप्रिलमध्ये ते शाश्वत विकासावर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडे सोपवले गेले आणि काम वाचले. टोलीडोचे नळ त्यानंतर चारच महिन्यांनी बंद झाले. प्रश्न सुटला असे समजून प्रश्न विचारणारी जागाच मोडीत काढायची, हा त्या वगळलेल्या ओळीचाच मोठा अवतार होता.

६

फेब्रुवारी २०१९ मध्ये टोलीडोच्या नागरिकांनी मतदान करून ‘ईरी सरोवराचे हक्क’ मान्य केले. सरोवराला अस्तित्वाचा आणि बहरण्याचा हक्क आहे आणि त्याच्या वतीने नागरिक न्यायालयात जाऊ शकतात, असे त्या सनदेत होते. झाडांच्या वतीने बोलणारा लोरॅक्स जणू शहराच्या घटनेत शिरला. वर्षभराने, फेब्रुवारी २०२० मध्ये, केंद्रीय न्यायालयाने ही सनद अतिसंदिग्ध ठरवून रद्द केली. बहरणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न ईरीच्या बाबतीत खरोखरच अवघड आहे. शेवाळाचा बहर हाही बहरच असतो.

चेतनगुणोक्तीने ह्या सरोवराला प्रथम मारले, मग जिवंत केले, शेवटी पक्षकार केले. तिची शक्ती मी नाकारत नाही; तिच्यावाचून १९७२ चा करार इतक्या लवकर झाला असता, असे मला वाटत नाही. परंतु रूपक जितके प्रभावी तितकी त्याची मर्यादा ओळखण्याची जबाबदारी वाचकावर अधिक असते. आपल्याकडील वर्तमानपत्रेही जलपर्णीने झाकलेल्या तळ्याला ‘मृतप्राय’ म्हणतात. साहित्याच्या विद्यार्थ्याने तेथे थांबून विचारावे, की हे तळे खरोखर उपासमारीने मरत आहे की अजीर्णाने? कारण दोहोंचे उपचार वेगळे आहेत. मेलेल्याला एकदा उठवले की पुरते; खाणाऱ्याच्या ताटात काय वाढतो आहोत, ते रोज पाहावे लागते.

ती ओळ पुस्तकात परत घालावी, असे अलीकडे काही जण सुचवतात. मला स्वतःला ते आवश्यक वाटत नाही. गायझेल आज हयात नाहीत. त्यांनी जाणीवपूर्वक केलेला बदल हा त्यांच्या संहितेचा भाग आहे. मात्र वर्गात ‘लोरॅक्स’ शिकवताना १९७१ ची प्रत आणि नंतरची प्रत शेजारी ठेवाव्यात. दोन प्रतींमध्ये फरक एका ओळीचाच आहे. त्या ओळीच्या रिकाम्या जागेत पावडरीचा डबा आहे, पडद्याने दुभागलेले एक सरोवर आहे, मॉमीच्या शेतांखालून वाहणारे पाणी आहे, आणि तळाशी गाळ आहे, ज्याने आपल्याकडचा फॉस्फरस अजून पुरता सोडलेला नाही.